रोग्यांची वही

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या ईशान्य भागात मॅसॅच्युसेट्स नावाचे एक राज्य आहे. त्या राज्यात ऑक्सफर्ड नावाचे एक लहानसे गाव आहे. विद्यापीठामुळे जगप्रसिद्ध झालेले इंग्लंडमधील ऑक्सफर्ड ते हे नव्हे. ह्या गावी ६ जून १८६९ रोजी एलियट प्रॉक्टर जोस्लिन यांचा जन्म झाला. त्यांच्या वडिलांचा पादत्राणे तयार करण्याचा व्यवसाय होता. घरी कशाचीही उणीव नव्हती. परंतु वडिलांच्या व्यवसायात न शिरता एलियट यांनी विद्येची वाट धरली. १८९० साली त्यांनी येल येथे पदवी मिळवली, आणखी एक वर्ष शरीराच्या रसायनशास्त्राचा अभ्यास केला आणि १८९५ साली हार्वर्ड येथून ते डॉक्टर होऊन बाहेर पडले.

विद्यार्थिदशेतच त्यांना एक सवय लागली व ती त्यांनी जन्मभर सोडली नाही. १८९३ साली बोस्टन शहरातील एका मोठ्या रुग्णालयात मधुमेहाने आजारी असलेली एक तरुण स्त्री त्यांच्या पाहण्यात आली. तिची हकीगत त्यांनी एका वहीत उतरून घेतली. त्यानंतर मधुमेहाचा जो जो रोगी त्यांच्याकडे आला, त्याची नोंद ह्या वहीत होऊ लागली. एक वही भरली, दुसरी भरली. पुढे ह्या वह्यांचे ८० खंड झाले. मधुमेहाविषयीचा एवढा मोठा नोंदसंग्रह युरोपबाहेर तोपर्यंत कोणी केला नव्हता.

मधुमेह म्हणजे काय, हे येथे थोडक्यात समजून घेतले पाहिजे. आपण जे अन्न खातो, त्यातील पिष्टमय भागाची शरीरात साखर होते. ती रक्तात मिसळते आणि शरीराच्या कणाकणाला शक्ती पुरवते. पोटातील स्वादुपिंड नावाच्या ग्रंथीतून इन्शुलिन हा रस रक्तात उतरतो व त्याच्या साहाय्याने साखर पेशींत शिरते. इन्शुलिन निर्माण होईनासे झाले, किंवा त्याचा परिणाम होईनासा झाला, म्हणजे साखर रक्तात साठत जाते आणि शेवटी लघवीवाटे बाहेर पडू लागते. आपल्या प्राचीन वैद्यांनी लघवीचा हा गोडवा ओळखला होता. मधुमेह हे नावच त्याची साक्ष देते.

ह्या रोगाचे मुख्य प्रकार दोन. लहान वयात बहुधा होणारा प्रकार एकाएकी उद्भवतो. फार तहान लागते, लघवी वारंवार होते व मूल झपाट्याने वाळते. गोड खाल्ल्यामुळे हा प्रकार होत नाही आणि त्यात मुलाचा किंवा आईबापांचा काही दोष नसतो. दुसरा प्रकार बहुधा मोठ्या वयात होतो. तो चोरपावलांनी येतो. वर्षानुवर्षे काही दुखत नाही, काही खुपत नाही. माणूस आपल्या कामात दंग असतो आणि आत साखर मात्र डोळे, मूत्रपिंडे, हृदय व पायांच्या शिरा हळूहळू बिघडवत राहते. दुखणे जाणवू लागते तेव्हा बरेच नुकसान होऊन गेलेले असते.

१८९८ साली जोस्लिन यांनी आपले गुरू रेजिनाल्ड फिट्झ यांच्यासह बोस्टनच्या त्या रुग्णालयातील जुनी दप्तरे तपासली. १८२४ पासूनच्या ७४ वर्षांत तेथे दाखल झालेल्या सुमारे ४८ हजार रोग्यांपैकी मधुमेही म्हणून नोंदलेले रोगी केवळ १७२ भरले. हा रोग खरोखरच इतका विरळ होता, की तो आहे किंवा नाही हे पाहणारेच विरळ होते? ह्या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास पुढे जवळजवळ अर्धे शतक जावे लागले.

त्याच वर्षी जोस्लिन यांनी बोस्टनमध्ये स्वतंत्र व्यवसाय सुरू केला. पुढे थोड्याच काळात त्यांच्या स्वतःच्या मातोश्रींना मधुमेह असल्याचे आढळून आले. त्यांच्या मावशीलाही हाच रोग होता. वहीतील आठवी नोंद डॉक्टरांच्या आईची आहे. मुलाने आईचा आहार ठरवून दिला, लघवीतील साखरेवर लक्ष ठेवले आणि आईनेही ते पथ्य निष्ठेने पाळले. त्या काळी ह्या रोगावर गुणकारी औषध नव्हते, तरीही त्या माऊली दहा वर्षांहून अधिक काळ जगल्या. वेळीच कळले आणि नेमाने वागले, तर ह्या रोगालाही आवर घालता येतो, हे जोस्लिन यांना आपल्या घरातच दिसून आले.

१९१६ साली त्यांनी स्वतःच्या एक हजार रोग्यांच्या अनुभवावर आधारलेला मधुमेहावरील उपचारांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. दोनच वर्षांनी सामान्य रोग्यांसाठी त्यांनी एक सोपी मार्गदर्शिका लिहिली. रोग्याला स्वतःच्या रोगाची माहिती देणे हा उपचाराचाच एक भाग आहे, असे त्यांचे मत होते. परंतु तो काळ मोठा कठीण होता. अगदी थोडे अन्न देऊन रोग्याला जगवणे एवढाच मार्ग डॉक्टरांच्या हाती होता. त्या उपायाने मुलांचे आयुष्य काही महिने, फार तर एखाद दोन वर्षे वाढे. पण अखेर ती हाडांचा सापळा होऊन दगावत. अशा कित्येक मुलांची नोंद त्या वहीत करताना जोस्लिन यांच्या मनाला काय वेदना झाल्या असतील, याची कल्पनाच केलेली बरी.

१९२१ साली त्यांनी एका लेखात एक विलक्षण गोष्ट जगापुढे मांडली. न्यू इंग्लंड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या प्रदेशातील एका शांत गावात, एकाच रस्त्यावर तीन घरे शेजारी शेजारी उभी होती. त्या तीन घरांत क्रमाने राहावयास आलेल्या सात कुटुंबप्रमुखांपैकी सहा जण मधुमेहाने मरण पावले. तरीही गावात कोणी साथ आली असे म्हटले नाही. तेच सहा जण विषमज्वराने किंवा क्षयाने गेले असते, तर आरोग्यखात्याचे अधिकारी धावून आले असते, पाणी तपासले गेले असते आणि घरे धुऊन काढली गेली असती. मधुमेहाच्या बाबतीत मात्र सारे स्वस्थ होते. जोस्लिन यांनी ही विसंगती दाखवून दिली. रोग झाल्यावर उपचार करण्यापेक्षा तो टाळावा, वजन प्रमाणाबाहेर वाढू देऊ नये आणि ज्यांच्या कुटुंबात हा रोग आहे त्यांनी विशेष जपावे, असा आग्रह ते धरू लागले.

त्याच वर्षी कॅनडातील टोरंटो शहरात फ्रेडरिक बँटिंग व चार्ल्स बेस्ट यांच्या प्रयोगांतून इन्शुलिनचा शोध लागला. ७ ऑगस्ट १९२२ रोजी जोस्लिन यांनी आपल्या एका रोग्याला ते प्रथम टोचले. ती एक परिचारिका होती. उपासमारीच्या पथ्याने तिचे वजन सुमारे ३१ किलोग्रॅमवर आले होते. इन्शुलिन मिळताच तिच्या अंगात हळूहळू बळ आले आणि ती हिंडूफिरू लागली. मृत्यूच्या दारातून माणसे परत येऊ लागली, तेव्हा सर्वत्र आनंद झाला. मधुमेह आता जिंकला, असे पुष्कळांना वाटले.

जोस्लिन यांना मात्र तसे वाटले नाही. रोगी आता अधिक वर्षे जगत होते. पण ज्यांनी साखरेवर लक्ष ठेवले नाही, त्यांपैकी कित्येकांची दृष्टी मंदावली, कित्येकांची मूत्रपिंडे निकामी झाली, तर कित्येकांच्या पायाला झालेल्या क्षुल्लक जखमा चिघळल्या. हे सारे त्यांना आपल्या वह्यांत दिसत होते. म्हणून ते रोग्यांना शाळेतल्या मुलांप्रमाणे धडे देऊ लागले. परीक्षानळीत निळे द्रावण घेऊन त्यात लघवीचे थेंब टाकायचे व ती तापवायची. रंग निळाच राहिला तर साखर नाही, हिरवा झाला तर थोडी आहे, विटकरी झाला तर फार आहे. अशी परीक्षा रोग्याने घरीच करावयाची असे. मधुमेही माणूस तीन घोड्यांच्या रथात बसलेला असतो, आहार, व्यायाम व इन्शुलिन हे ते तीन घोडे, आणि लगाम रोग्याच्या स्वतःच्या हाती, असा दृष्टांत ते देत. मधुमेही मुलांसाठी उन्हाळी शिबिरे निघाली, त्यांनाही त्यांनी मनापासून साहाय्य केले. तेथे मुले पोहत, खेळत आणि स्वतःची काळजी घेण्यास शिकत.

तरीही एक प्रश्न उरलाच होता. जे रोगी दवाखान्यात येत, त्यांची नोंद वहीत होई. पण ज्यांना आपल्याला रोग आहे हेच ठाऊक नाही, ते दवाखान्यात कशासाठी येणार? त्यांना शोधायचे असेल, तर निरोगी दिसणाऱ्या माणसांचीही तपासणी करावयास हवी होती. १९४६ साली अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्यखात्याने अशी पाहणी करण्याचे ठरवले. त्यासाठी निवडलेले गाव म्हणजे जोस्लिन यांची जन्मभूमी ऑक्सफर्ड. त्या वेळी जोस्लिन ७७ वर्षांचे होते.

गावाची लोकसंख्या ४,९८३ होती. त्यांपैकी ३,५१६ लोकांची लघवी व रक्त तपासण्यात आले. शेतकरी, कामगार, गृहिणी, वृद्ध, मुले, सर्व प्रकारची माणसे त्यांत होती. एकूण ७० जणांना मधुमेह असल्याचे निष्पन्न झाले. म्हणजे दर ५० माणसांमागे जवळजवळ एक. पण खरा धक्का निराळाच होता. ह्या ७० पैकी ४० जणांना आपला रोग आधीपासून माहीत होता. उरलेल्या ३० जणांचा रोग ह्या पाहणीतच प्रथम उघडकीस आला. ज्ञात असलेल्या दर चार रोग्यांमागे तीन अज्ञात रोगी गावात वावरत होते. हा रोग विरळ नव्हता. पाहणारे विरळ होते. जुन्या दप्तरांतून उठलेल्या प्रश्नाचे उत्तर अखेर मिळाले.

ह्या पाहणीची हकीगत १९४७ साली प्रसिद्ध झाली आणि इतर डॉक्टरही जागे झाले. १९४८ साली अमेरिकेतील मधुमेह संघटनेने देशभर तपासणीची मोहीम सुरू केली. काही होत नसतानाही तपासून घ्यावे, ही कल्पना अशा रीतीने रुजू लागली.

जोस्लिन अखेरपर्यंत रोगी तपासत राहिले. २८ जानेवारी १९६२ रोजी, वयाच्या ९३ व्या वर्षी, झोपेतच त्यांचे शांतपणे निधन झाले. साखर काटेकोरपणे ताब्यात ठेवली तर डोळे, मूत्रपिंडे व मज्जातंतू यांचे रक्षण होते, हे त्यांचे मत त्यांच्या हयातीत अनेक डॉक्टरांना मान्य नव्हते. १९९३ साली एका मोठ्या शास्त्रीय प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि ते मत खरे ठरले. ते ऐकावयास जोस्लिन मात्र नव्हते.

आज परीक्षानळी तापवावी लागत नाही. बोटाच्या टोकातून घेतलेला रक्ताचा एक थेंब क्षणभरात साखरेचा अंदाज देतो. शंका आली, तर रात्रभर उपाशी राहून सकाळी रक्त तपासतात. १०० मिलिलिटर रक्तद्रवात १२६ मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक साखर निघाली, तर पुन्हा तपासून मधुमेहाचे निदान पक्के करतात. १०० ते १२५ ही धोक्याची सूचना होय. अशा वेळी आहार व व्यायाम यांनी रोग लांबवता, कित्येकदा टाळताही येतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. म्हणूनच वयाची तिशी ओलांडलेल्या स्त्रीपुरुषांची तपासणी आपल्याकडील सरकारी आरोग्य केंद्रांत केली जाते.

ऑक्सफर्डमधील ते ३० जण धडधाकट दिसत होते, आपापली कामे करीत होते. त्यांना दवाखान्यात जाण्याचे काही कारण नव्हते. तरी त्यांनी रक्त तपासून घेतले, म्हणूनच नुकसान होण्याआधी त्यांना सावध होण्याची संधी मिळाली. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांनी ठरलेल्या वेळी अशी तपासणी करून घेतली आहे काय, एवढे विचारणे लहान मुलांनाही शक्य आहे.