समुद्रमाता कॅथलीन ड्र्यू-बेकर

आपला भंडारा जिल्हा तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. तलावाच्या पायरीवर पाय घसरला की शेवाळाला दोष द्यायचा, एवढाच आपला आणि शेवाळाचा संबंध. समुद्र तर आपल्यापासून शेकडो मैल दूर. अशा ठिकाणी समुद्रातील शेवाळासाठी आयुष्य वेचणाऱ्या एका परदेशी विदुषीची कथा कशासाठी, असा प्रश्न वाचकांना पडणे साहजिक आहे. परंतु ही कथा वाचल्यावर ती आपल्या बांधावरची आणि आपल्या वर्गातलीही वाटेल, असा विश्वास आहे.

कॅथलीन मेरी ड्र्यू यांचा जन्म ६ नोव्हेंबर १९०१ रोजी इंग्लंडमधील लँकेशायर परगण्यातल्या ली या गावी झाला. शिष्यवृत्ती मिळवून त्या मँचेस्टर विद्यापीठात गेल्या. १९२२ साली वनस्पतिशास्त्रात प्रथम श्रेणी मिळवून त्या पदवीधर झाल्या, पुढच्याच वर्षी एम.एस्सी. झाल्या आणि त्याच विद्यापीठात शिकवू लागल्या. १९२५ मध्ये त्यांना अमेरिकेची एक मानाची शिष्यवृत्ती मिळाली. कॅलिफोर्नियातील बर्कले येथे दोन वर्षे त्यांनी लाल शेवाळांचा अभ्यास केला. पुढचा मार्ग सरळ आणि उजळ दिसत होता.

१९२८ साली हेन्री राइट-बेकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि अध्यापकाची नोकरी गेली! विवाहित स्त्रीला नोकरीवर ठेवायचे नाही, असा त्या विद्यापीठाचा नियम होता. बाईंची विद्वत्ता काल होती तेवढीच आज होती; बदलली होती ती केवळ नावापुढची अक्षरे. दुसरे कोणी असते तर पुस्तके बांधून माळ्यावर टाकली असती. कॅथलीनबाईंनी तसे केले नाही. पगार नाही तर नाही, पण प्रयोगशाळेतील टेबल तरी असू द्या, एवढ्यावर समाधान मानून त्या विनावेतन संशोधक म्हणून काम करीत राहिल्या. दोन मुलांचा संसार सांभाळून १९३९ मध्ये त्यांनी डी.एस्सी. ही पदवी मिळविली.

त्यांच्या अभ्यासाचा विषय होता पोरफायरा नावाचे शेवाळ. हे तांबूस-जांभळे, कागदासारखे पातळ शेवाळ किनाऱ्यावरील खडकांना धरून वाढते. आपल्या कोकण-गोव्याच्या खडकांवरही पावसाळ्यात त्याची एक जात उगवते. वेल्समधील लोक ते शिजवून खातात. त्याच्या पात्यावर नर आणि मादी पेशी तयार होतात. एका जातीत तर एकाच पात्याचा अर्धा भाग नर आणि अर्धा मादी असतो. त्यांच्या संयोगानंतर बीजाणू सुटतात, इथवर शास्त्रज्ञांना ठाऊक होते. पण हे बीजाणू पुढे जातात कुठे? उन्हाळ्यात शेवाळ दिसेनासे होते आणि हिवाळ्यात पुन्हा प्रकटते. मधले महिने ते कोणत्या रूपात काढते, हे कोडे होते.

बाईंनी ते बीजाणू प्रयोगशाळेत वाढविण्याचे अनेक प्रयत्न केले. अखेर मृत शिंपल्यांच्या सान्निध्यात ते रुजले आणि शिंपल्याच्या कवचात शिरून त्यांचे गुलाबी तंतू पसरले. असे तंतू शास्त्रज्ञांनी पूर्वी पाहिले होते. १८९२ मध्ये त्यांना कॉन्कोसेलिस असे नाव देऊन निराळी वनस्पती म्हणून नोंदही झाली होती. बाईंच्या ध्यानात आले की ही निराळी वनस्पती नसून पोरफायराचेच दुसरे रूप आहे. १९४९ साली ‘नेचर’ या नियतकालिकात त्यांचा एक छोटासा लेख प्रसिद्ध झाला.

आता जपानकडे वळू. तेथे याच जातकुळीतल्या शेवाळाला नोरी म्हणतात. त्याचे वाळवलेले पापुद्रे भाताबरोबर रोज खाल्ले जातात. आपला शेतकरी मृगात पऱ्हे टाकतो आणि मग रोवणी करतो. जपानी कोळ्यांजवळ मात्र नोरीचे पऱ्हेच नव्हते. उथळ समुद्रात बांबू रोवायचे आणि बीज आपसूक येऊन चिकटेल याची वाट पाहायची, हीच त्यांची शेती. म्हणून ते नशिबाचे पीक मानले जाई. दुसऱ्या महायुद्धानंतर हे पीक बुडाले आणि किनाऱ्यावरची कुटुंबे हवालदिल झाली.

अशा वेळी क्यूशू येथील शास्त्रज्ञ सोकिची सेगावा यांना बाईंचे संशोधन कळले. जपानी जातीही असेच शिंपल्यात दडतात, हे त्यांनी पडताळून पाहिले. कुमामोतो येथील फुसाओ ओटा प्रभृतींनी १९५३ च्या सुमारास शिंपल्यांत बीज वाढवून ते जाळ्यांवर धरण्याची पद्धत बसविली. कोळ्यांच्या हाती अखेर पऱ्हे आले! नशिबाचे पीक खात्रीचे झाले.

बाईंनी जपान कधी पाहिला नाही. १९५२ मध्ये ब्रिटिश शैवालशास्त्र संस्थेच्या त्या पहिल्या अध्यक्षा झाल्या आणि १४ सप्टेंबर १९५७ रोजी, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. १९६३ साली जपानमधील उतो येथे, आरिआके समुद्राच्या काठी, त्यांचे स्मारक उभारण्यात आले. तेथे दरवर्षी १४ एप्रिलला नोरी पिकवणारे लोक जमतात आणि समुद्रमाता म्हणून त्यांना वंदन करतात.

बाईंनी जोडलेला धागा पुढे लांबत गेला आहे. कित्येक समुद्रशैवालांत नर आणि मादी पक्व होईपर्यंत सारखेच दिसतात. सुधारित वाण काढायचे तर जोडी आधी ओळखता आली पाहिजे. आज शैवालाचा नखभर तुकडा घेऊन त्यातील डीएनएच्या खुणांवरून नर-मादी सांगता येते. तपकिरी शैवालांत मादीकडे यू आणि नराकडे व्ही असे गुणसूत्र असते. एक्टोकार्पस या लहानशा शैवालातील लिंग ठरविणारा हा भाग २०१४ मध्ये उलगडला गेला. पण एका शैवालाची दोन रूपे जिने प्रथम जुळवून दाखविली, ती विनावेतन काम करणारी एक गृहिणी होती, हे विसरता कामा नये.

आपल्या वर्गातील एखादी मैत्रीण दिवाळीच्या सुट्टीनंतर परत येत नाही. लग्न ठरले, असे कळते आणि हजेरीपटावर तिच्या नावापुढे रेघ ओढली जाते. मँचेस्टरच्या विद्यापीठानेही १९२८ साली अशीच एक रेघ ओढली होती. त्या रेघेपलीकडे बाईंनी एकोणतीस वर्षे काम केले, म्हणून हजारो घरांत चूल पेटली. अशी रेघ ओढताना आपल्या हातून काय पुसले जात आहे, याचा विचार आईवडिलांनी, गुरुजनांनी आणि आपण विद्यार्थ्यांनीही करावा, एवढीच नम्र अपेक्षा.