जीव वाचला, पण तब्येतीचं काय?

कर्वे म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे महर्षी अण्णा उभे राहतात. हिंगण्याचा आश्रम, विधवांचं शिक्षण, महिला विद्यापीठ. त्यांच्या थोरल्या मुलाबद्दल मात्र आमच्या शाळेच्या पुस्तकात अवाक्षर नव्हतं. मला स्वतःला र. धों. कर्वे हे नाव नीट कळलं ते २००१ मध्ये अमोल पालेकरांचा 'ध्यासपर्व' आला तेव्हा. मग मिळेल ते वाचत गेले. आज त्यांची आठवण काढतेय ती गर्भपाताच्या कायद्यातल्या एका शब्दासाठी. म्हणजे खरं तर तिथे नसलेल्या एका शब्दासाठी.

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ चा, कोकणातल्या मुरूडचा. ते नऊ वर्षांचे असताना १८९१ मध्ये आई राधाबाई बाळंतपणात गेल्या. त्या काळी यात कुणाला नवल वाटत नसे. घरोघरी एखादी आत्या, एखादी काकू अशीच गेलेली असायची. दोन वर्षांनी अण्णांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला आणि मुरूडकरांचा रोष ओढवून घेतला. म्हणजे आईविना पोरकेपण आणि समाजाचा बहिष्कार, दोन्ही या मुलाने लहानपणीच पाहिलं.

पोरगा हुशार. १८९९ मध्ये मॅट्रिकला पहिला आला. पुढे फर्ग्युसनमधून बी.ए., मग गणिताची प्राध्यापकी. गणित शिकायला पॅरिसलाही जाऊन आले. विल्सन कॉलेजातली नोकरी, मुंबईचं बिऱ्हाड, सुखाने आयुष्य गेलं असतं. पण १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं. देशातलं ते पहिलं मानलं जातं. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचं केंद्र निघालं होतं, म्हणजे आपला हा मराठी माणूस जगाच्या मागे नव्हता. दोन वर्षांनी त्यांचं या विषयावरचं पुस्तक आलं. मिशनरी कॉलेजच्या चालकांना हे सगळं मानवलं नाही. रघुनाथरावांना राजीनामा द्यावा लागला.

इथे मालतीबाईंचं नाव घ्यायलाच हवं. माहेरच्या त्या गंगू गोडबोले. नवऱ्याची नोकरी गेली, नातलगांनी नाकं मुरडली, तरी त्या मागे हटल्या नाहीत. दोघांनी ठरवून मूल होऊ दिलं नाही. नवरा-बायकोचं असं ठरवणं आजही आपल्याकडे सोपं नाही. मग शंभर वर्षांपूर्वी त्या बाईंनी काय काय ऐकून घेतलं असेल, याची कल्पना आपण बायकाच करू शकतो.

जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू झालं. खिशाला खार लावून ते चाललं. १९३१ मध्ये अश्लीलतेचा खटला झाला, दंड झाला. १९३४ मध्ये पुन्हा खटला. या वेळी वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरला, पुन्हा दंड बसला. पण विषय कोर्टापुरता राहिला नाही. १० नोव्हेंबर १९३८ रोजी बाबासाहेबांच्या पक्षाचे पी. जे. रोहम यांनी मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला. बाईची प्रकृती, तिची इच्छा, तिच्यावर लादलं जाणारं बाळंतपण हे मुद्दे भर सभागृहात आले. ठराव पडला.

आता त्या शब्दाकडे येते. रघुनाथरावांचा मुख्य भर गर्भ नकोसा राहूच नये यावर होता. त्यांच्या हयातीत गर्भपात हा इंग्रजांच्या १८६० च्या दंडविधानानुसार गुन्हाच होता. सूट एकच, बाईचा जीव वाचवायचा असेल तर. तब्येत हा शब्द तिथे नव्हता. आणि रघुनाथरावांनी मासिकाला नाव दिलं ते नेमकं स्वास्थ्याचं! बाई जिवंत आहे एवढ्यावर समाधान मानू नका, ती धडधाकट आहे का, मनाने शांत आहे का ते बघा, हा त्यांच्या सगळ्या खटाटोपाचा अर्थ मला वाटतो.

१९७१ च्या कायद्याने हा शब्द आणला. बाईच्या शारीरिक किंवा मानसिक आरोग्याला गंभीर इजा होणार असेल तर वीस आठवड्यांपर्यंत गर्भपात कायदेशीर झाला. त्यापुढे मात्र पुन्हा जीव एके जीव. २००८ मध्ये मुंबईचं एक जोडपं पोटातल्या बाळाच्या हृदयात गंभीर दोष निघाला म्हणून उच्च न्यायालयात गेलं. चोविसावा आठवडा उलटला होता. परवानगी मिळाली नाही, पण देशभर चर्चा झाली. २०२१ मध्ये कायदा बदलला. बलात्कारपीडित, अल्पवयीन, गरोदरपणात विधवा वा घटस्फोटित झालेल्या, अपंग अशा काही स्त्रियांसाठी मुदत चोवीस आठवडे झाली. त्यानंतर बाळात मोठं व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाच्या संमतीने केव्हाही. आणि आईच्या तब्येतीचं? चोवीस आठवड्यांनंतर तिथे अजूनही फक्त जीवच आहे. मंडळावर स्त्रीरोगतज्ज्ञ हवा, बालरोगतज्ज्ञ हवा, सोनोग्राफीचा जाणकार हवा. मनोविकारतज्ज्ञ असलाच पाहिजे असं मूळ कायद्यात नाही.

याचा अर्थ ऑक्टोबर २०२३ मध्ये कळला. दोन मुलांची आई, धाकटं अजून अंगावर पिणारं. पाळी आली नव्हती म्हणून दिवस गेल्याचं उशिरा कळलं. बाळंतपणानंतरच्या मानसिक आजारावर औषधं चालू. सव्वीस आठवडे उलटून गेलेले. सर्वोच्च न्यायालयाने आधी होकार दिला, मग दोन न्यायमूर्तींत मतभेद झाले, शेवटी तीन न्यायमूर्तींनी नकार दिला. बाळ निरोगी होतं, जगू शकणारं होतं आणि आईच्या जिवाला तत्काळ धोका नव्हता.

न्यायालयापुढची अडचण खोटी नव्हती, हेही मान्य केलं पाहिजे. इतक्या पुढे बाळाचं हृदय थांबवायचं की त्याला वेळेआधी जन्माला घालून अपंगत्वाचा धोका पत्करायचा, हा प्रश्न कुठल्याही डॉक्टरची झोप उडवेल. आणि आमच्या मराठवाड्यात आणखी एक भीती असते. तब्येतीची सूट दिली की तिच्या आडून मुलगी पाडणारे शिरतील. ही भीती मी उडवून लावणार नाही. पण चोर शिरेल म्हणून आजारी बाईला दार लावायचं का? चोरासाठी १९९४ चा लिंगनिदानविरोधी कायदा आहे, तो वापरा.

आमच्या जालन्याकडे बघा. घनसावंगी, मंठा, अंबडकडची बाई ऊसतोडीला जाते. दिवाळीच्या सुमारास गेलेली, उन्हाळ्याच्या तोंडाशी परतते. मधल्या काळात तपासण्या कुठल्या? हृदयाच्या झडपेचा जुना आजार, मूत्रपिंडाचा विकार, वाढलेलं बीपी, सगळं उशिरा कळतं. तोवर आठवडे संपलेले असतात. मग मंडळ, नाहीतर साठ किलोमीटरवरचं खंडपीठ, वकील, तारीख. मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये आईच्या आरोग्याचा विचार मुदतीनंतरही करता येईल अशी वाट दाखवली होती. २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या चौदा वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की मंडळाने तिच्या शरीराचा आणि मनाचा, दोन्हींचा विचार केला पाहिजे. छान झालं. पण कोर्टाची पायरी चढू शकणारीलाच मिळतो तो हक्क कसला?

मला वाटतं, कायद्यात तो शब्द स्पष्ट लिहावा. चोवीस आठवड्यांनंतरही आईच्या आरोग्याला गंभीर धोका असेल तर मंडळाने तिला तपासावं, तिचं ऐकावं, मनोविकारतज्ज्ञ सोबत घ्यावा आणि ठराविक दिवसांत लेखी कारणांसह निर्णय द्यावा. बाळ वाचवता येत असेल तर जरूर वाचवा. पण आई मरणाच्या दारात पोचेपर्यंत तिचं दुखणं मोजायचंच नाही, हे बरोबर नाही.

मालतीबाई १९४४ मध्ये गेल्या. रघुनाथराव १४ ऑक्टोबर १९५३ ला गेले, आणि पुढच्याच महिन्यात 'समाजस्वास्थ्य' थांबलं. वडील मागे राहिले, पाच वर्षांनी त्यांना भारतरत्न मिळालं. मुलाच्या वाट्याला दंडाच्या पावत्या आल्या. त्याचं देणं आपल्याला फेडायचं असेल, तर मैत्रिणींनो, त्याच्या मासिकाच्या नावातला अर्धा शब्द कायद्यात आणायला हवा. स्वास्थ्य.