खोगीरवाल्याचा मुलगा

पॅरिसच्या पूर्वेस सुमारे ४० किलोमीटर अंतरावर कूव्रे नावाचे एक खेडे आहे. १८०९ साली ४ जानेवारीला तेथील सिमाँ-रने ब्रेल या खोगीरवाल्याच्या घरी एक मुलगा जन्मास आला. त्याचे नाव लुई. आज जगभरातील अंध माणसे ज्या सहा टिंबांच्या लिपीने वाचतात ती याच लुईची, हे शाळेतल्या धड्यामुळे आपणा सर्वांना ठाऊक असते. परंतु अशा धड्यांत लुईच्या आईवडिलांना एका ओळीपेक्षा अधिक जागा मिळत नाही. मूल वडिलांच्या कामाच्या जागी खेळत होते, डोळ्यात हत्यार गेले, आणि पुढच्याच ओळीत ते मूल पॅरिसच्या शाळेत जाऊन पोचते. मधली सात वर्षे कोठे गेली? ती एका घरात, एका बापाच्या आणि एका आईच्या देखत गेली. म्हणून लुईचे चरित्र येथे त्या घराच्या बाजूने सांगावे असे मी ठरवले आहे.

सिमाँ-रने आणि मोनिक बारों या जोडप्याला चार मुले. लुई सर्वांत धाकटा. वरची तीन भावंडे त्याच्याहून दहा वर्षांपेक्षाही मोठी होती. म्हणजे आईवडिलांच्या उतरत्या वयात आलेले हे शेंडेफळ, आणि शेंडेफळाचे लाड कोणत्याही देशात सारखेच. घराला लागूनच वडिलांची कामाची खोली होती. आजूबाजूची सारी शेती घोड्यांवर चालत असल्यामुळे खोगीर, लगाम, गळपट्टे यांचे काम वर्षभर असे. थोडी जमीन आणि द्राक्षाचा मळाही होता. घर श्रीमंत नव्हते, पण खाऊनपिऊन सुखी होते.

माझ्या घरी पिढ्यान्‌पिढ्या चामड्याचे काम चालते, त्यामुळे त्या खोलीची कल्पना करायला मला पुस्तकाची गरज पडली नाही. आरी, रापी, कातर, मेण लावलेला दोरा, आणि पायाखाली कातड्याच्या चिंध्या. आमच्याकडे काम थांबले की आरी आधी वाशात खोचायची, मग उठायचे, असा नियम आहे. तहान लागली तरी आधी आरी, मग पाणी. हा नियम कोणी लिहून ठेवलेला नाही. तो केव्हा आणि कोणाच्या घरात काय घडल्यावर सुरू झाला, हे विचारायची माझी कधी छाती झाली नाही.

१८१२ साली लुई तीन वर्षांचा होता. बापाचे पाहून पोराला तसेच करावेसे वाटणे हे अगदी स्वाभाविक. त्याने हत्यार उचलले आणि कातड्याला भोक पाडायला गेला. हत्यार निसटले व डोळ्यात घुसले. ते आरी होते की वाकडी सुरी, याबद्दल चरित्रकारांत दोन मते आहेत. रूढ झाली ती आरीचीच कथा.

त्या काळी गावात जे उपचार होते ते झाले. ओल्या पट्ट्या झाल्या, वैद्य झाला. जंतू म्हणजे काय हेच तेव्हा वैद्यांना माहीत नव्हते. जखम स्वच्छ ठेवण्याची लिस्टरची पद्धत प्रसिद्ध झाली १८६७ साली, म्हणजे या अपघातानंतर ५५ वर्षांनी. जखमी डोळा गेला. पण खरा घाला त्यानंतर पडला. हळूहळू दुसरा, न दुखावलेला डोळाही लाल होऊ लागला, अंधुक होऊ लागला, आणि पाचव्या वर्षापर्यंत लुई पूर्ण आंधळा झाला.

हा दुसरा डोळा कसा गेला, याचा विचार मी बरेच दिवस करत होते. पुष्कळ पुस्तकांत जखम चिघळून एका डोळ्याची घाण दुसऱ्यात उतरली असे लिहिलेले असते. आजचे नेत्रवैद्य मात्र बहुधा वेगळाच विकार होता असे मानतात. त्याला सिंपथेटिक ऑफ्थॅल्मिया म्हणतात. एका डोळ्याला खोल जखम झाली की शरीराची संरक्षक शक्ती डोळ्यातील पेशींनाच परके समजू लागते आणि धडधाकट डोळ्यावरही हल्ला करते. आज जखमी डोळा लवकर काढून किंवा स्टेरॉइडसारखी औषधे देऊन दुसरा डोळा बहुतेक वेळा वाचवता येतो. १८१२ साली यातले काहीच शक्य नव्हते. म्हणजे पहिल्या डोळ्याच्या बाबतीत बापाने स्वतःला दोष दिला असेल तर तो समजण्यासारखा आहे, पण दुसऱ्या डोळ्याच्या बाबतीत या आईबापाचा किंवा वैद्याचा कसलाही दोष नव्हता. पण हे त्यांना सांगणार कोण? त्यांच्या दृष्टीने दोन्ही डोळे त्या एकाच क्षणाने नेले. आणि तो क्षण एकदाच येऊन गेला असेही नाही. पोराची नजर दिवसेंदिवस कमी होत होती. आज त्याला दार दिसले, उद्या दिसले नाही. असे जवळजवळ दोन वर्षे चालले.

आपल्याकडे अशा अपघाताचे पहिले माप आईच्या पदरात पडते. आधण सांडले, हौदात पडले, कडबाकुट्टीत बोट गेले, काहीही होवो. आईचे लक्ष कुठे होते हा प्रश्न डॉक्टरकडे जाण्याआधी विचारला जातो. आमच्या आळीत एक आजी आहेत. त्यांच्या मुलाचा हात लहानपणी आधणाने भाजला होता. आता तो मुलगा चांगला कर्ता झाला, त्याला पोरेबाळे झाली, हातावरचा डाग दाखवून तो स्वतःच थट्टा करतो. आजी हसत नाहीत. कोणाच्याही घरी गेल्या तरी त्या चुलीपुढचे भांडे आधी मागे सारतात आणि मगच बसतात. मोनिक ब्रेलच्या मनात काय चालले असेल याचा विचार करताना मला त्या आजी दिसतात.

अशा वेळी आईबाप दोन प्रकारे वागतात असे मी पाहिले आहे. काही जण मुलाला असे जपतात की त्याला पाऊल टाकू देत नाहीत. त्यात प्रेम असते, पण स्वतःला झालेली शिक्षाही त्या मुलाच्याच अंगावर पडते. काही जण उलट मुलाकडे पाहणेच टाळतात. सिमाँ-रने आणि मोनिक यांनी तिसरी, अवघड वाट धरली. वडिलांनी लुईला लाकडाची काठी करून दिली. ती टेकत तो गावातले रस्ते पावलांनी मोजू लागला. घरातली कामे त्याला इतर भावंडांसारखीच सांगितली जात. वडिलांनी लाकडाच्या फळीवर खिळे ठोकून त्यांची अक्षरे केली आणि लुईने ती बोटांनी ओळखायची, असा अभ्यास घरातच सुरू झाला. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे वडिलांनी त्याला कामाच्या खोलीत परत येऊ दिले. घोड्याच्या साजाचे गोंडे आणि झालरी करायला तो मदत करत असे, असे चरित्रकार सांगतात.

ही गोष्ट वाचून मी थांबले. ज्या खोलीत हे घडले त्याच खोलीत, त्याच बाकापाशी, त्याच पोराच्या हातात पुन्हा कातडे देणे. एखाद्याने खोलीला कुलूप घातले असते तर त्याला कोणी नावे ठेवली नसती. लुईच्या बोटांना जे शिक्षण मिळाले ते पॅरिसच्या कितीतरी आधी येथे मिळाले, असे मला वाटते.

बाहेरचा काळही वाईट होता. १८१४ साली नेपोलियनचा पराभव झाला आणि परकी फौज कूव्रेत उतरली. गावकऱ्यांच्या घरात सैनिक राहू लागले. त्यात ब्रेल यांचेही घर आले. नुकत्याच आंधळ्या झालेल्या मुलाच्या घरात रोज नवे आवाज, नवे बूट, परकी भाषा.

१८१५ साली गावात आबे पाल्युइ नावाचे धर्मगुरू आले. त्यांनी या चुणचुणीत मुलाला जवळ घेतले, शिकवले. गावचे मास्तर बेशरे यांनी त्याला डोळस मुलांबरोबर शाळेत बसू दिले. ऐकून ऐकून लुई वर्गात पुढे गेला, पण वाचता येईना तिथे सगळे अडे. मग पाल्युइ यांच्या खटपटीने आणि गावच्या जमीनदाराच्या शिफारशीने पॅरिसच्या अंध मुलांच्या राजकीय संस्थेत त्याला जागा व शिष्यवृत्ती मिळाली. १५ फेब्रुवारी १८१९ रोजी वडील दहा वर्षांच्या लुईला घेऊन पॅरिसला गेले आणि त्याला तेथे ठेवून एकटेच परतले. एकदा नजरेआड झाले तर काय घडते हे ज्याने भोगले आहे, त्याने मूल पुन्हा नजरेआड करणे ही साधी गोष्ट नव्हे. आपल्यापैकी जे वसतिगृहात राहतात त्यांनी पहिल्या दिवशी एस. टी. स्टँडवर परतणाऱ्या वडिलांची पाठ पाहिली असेल. त्यांना हे अधिक सांगायला नको.

संस्था व्हालेंतँ आयुइ यांनी १७८५ च्या सुमारास काढलेली, पण इमारत जुनी, दमट व कोंदट होती. पुस्तके होती ती डोळस माणसांच्याच अक्षरांना कागदावर उठाव देऊन केलेली. एकेक पुस्तक उचलायलाच जड, आणि वाचायला इतके मंद की वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरावी. शिवाय ती अक्षरे मुलांना स्वतः लिहिता येत नसत. १८२१ साली शार्ल बार्बिये या माजी लष्करी अधिकाऱ्याने उठावाच्या टिंबांची एक पद्धत संस्थेपुढे मांडली. तीत उच्चारासाठी बारापर्यंत टिंबे होती. शुद्धलेखनाला, विरामचिन्हांना जागा नव्हती, आणि एक चिन्ह बोटाच्या टोकाखाली मावत नसे. लुईने तीवर तीन वर्षे काम केले. रात्री वसतिगृहात, सुटीत कूव्रेला. १८२४ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्याची पद्धत तयार झाली. टिंबे सहाच, तीन-तीनच्या दोन उभ्या रांगा, सारे चिन्ह एका स्पर्शात कळणारे. सहा टिंबांपासून ६३ चिन्हे होतात. त्यांत अक्षरे, अंक, विरामचिन्हे आणि संगीताचे लेखनही बसते. १८२९ साली त्याचे पुस्तक निघाले.

काही पुस्तकांत असे रंगवलेले असते की ज्या आरीने लुईचा डोळा गेला त्याच आरीने त्याने लिपी कोरली. मला हे पटत नाही. बार्बियेच्या पद्धतीबरोबर पाटी आणि टोचणी होतीच. टोचणी दिसायला आरीच्या जवळची, एवढे खरे. आणखी एक गोष्ट लोक सहज बोलून जातात, की तो अपघात झाला म्हणून तर जगाला लिपी मिळाली, म्हणजे ते बरेच झाले म्हणायचे. हे दुरून बोलायला ठीक आहे. कूव्रेच्या त्या घरात बसून कोणी हे बोलू शकले असते असे मला वाटत नाही.

वडील १८३१ साली वारले. मुलाचे पुस्तक निघालेले त्यांच्या हयातीत झाले, एवढे समाधान. मरणापूर्वी त्यांनी संस्थेचे संचालक पिन्ये यांना पत्र लिहवून घेतले आणि माझ्या मुलाला कधी वाऱ्यावर सोडू नका, अशा आशयाची विनंती केली. लुई तेव्हा बावीस वर्षांचा होता, त्याच संस्थेत शिकवत होता, स्वतःच्या पायांवर उभा होता. तरीही बापाची शेवटची चिंता तीच. अपघाताला एकोणीस वर्षे झाली होती.

पुढची कथा थोडक्यात सांगते. लुई १८३३ साली संस्थेत रीतसर प्राध्यापक झाला. चर्चमध्ये ऑर्गनही तो उत्तम वाजवी. १८३५ च्या सुमारास क्षयाची लक्षणे दिसू लागली. त्या दमट इमारतीनेच तो दिला असे पुष्कळ जण मानतात. वडिलांना हे पाहावे लागले नाही. १८४० साली संचालक बदलले. नव्या द्यूफो यांना ही लिपी मान्य नव्हती. डोळस शिक्षकांना वाचता न येणारी लिपी नको, हे त्यामागचे एक कारण. मुले मात्र ती चोरून लिहीत राहिली. अखेर संस्थेतील ग्वादे यांनी द्यूफो यांचे मन वळवले आणि २२ फेब्रुवारी १८४४ रोजी नव्या इमारतीच्या उद्‌घाटनात लिपीचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. लुई ६ जानेवारी १८५२ रोजी वारला. त्रेचाळीस वर्षे पूर्ण होऊन दोनच दिवस झाले होते. त्याने एक पेटी न उघडता जाळून टाका असे सांगितले होते. ती उघडली गेली तेव्हा तीत लोकांना उसने दिलेल्या पैशांच्या चिठ्ठ्या निघाल्या. संस्थेने लिपी अधिकृतपणे स्वीकारली ती १८५४ साली.

भारतात १९५१ साली सर्व भाषांसाठी एकच भारती ब्रेल ठरली. मराठीतला 'क' त्यातही लुईच्या फ्रेंच के अक्षराच्याच दोन टिंबांनी लिहितात. आमच्या वर्गात एक अंध विद्यार्थी आहे. तो पाटीवर टिपणे घेतो तेव्हा उजवीकडून डावीकडे टोचत जातो, कारण कागद उलटल्यावर टिंबे वर येतात आणि मग डावीकडून उजवीकडे वाचायची. तास चालू असताना तो बारीक टकटक आवाज सारखा येत असतो. मी घरी गेल्यावर ऐकते तो आवाज फारसा वेगळा नसतो.

१९५२ साली, मृत्यूला शंभर वर्षे झाली तेव्हा, लुईचा देह कूव्रेहून काढून पॅरिसच्या पाँतेआँमध्ये राष्ट्रपुरुषांच्या शेजारी नेण्यात आला. गावाने त्याचे हात मात्र ठेवून घेतले. ते गावातल्या त्याच्या जुन्या थडग्यावर एका कलशात आहेत. घराचे आता संग्रहालय झाले आहे. तेथे सिमाँ-रने यांची कामाची खोली दाखवतात, बाक आणि हत्यारांसह.