बोटांच्या ठशांचे गणित

मुलांनो, आपल्या बोटांची टोके जरा निरखून पाहा. त्यांवर बारीक रेषा दिसतात ना? एखाद्या बोटावर चक्र असते, तर एखाद्यावर नसते. या रेषा जन्मभर बदलत नाहीत. म्हणूनच पोलीस त्यांवरून गुन्हेगार ओळखतात. या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांपैकी एक होते काझी अझीझुल हक.

त्यांचा जन्म १८७२ साली बंगालमधील खुलना जिल्ह्यात झाला. हा भाग आता बांगलादेशात आहे. लहानपणीच त्यांचे आईवडील वारले. पुढे ते घर सोडून एकटेच कलकत्त्यास आले. तेथे एका कुटुंबाने त्यांना आसरा दिला. प्रेसिडेन्सी कॉलेजात त्यांनी गणितात नाव मिळवले. बंगाल पोलिसांचे प्रमुख एडवर्ड हेन्री यांना असाच हुशार तरुण हवा होता. त्यांनी अझीझुल यांना फौजदार म्हणून नेमले.

ठशांचे कागद तर हजारोंनी साठत. त्यांतून हवा तो कागद शोधायचा कसा? अझीझुल यांनी दहा बोटांच्या पाच जोड्या केल्या. प्रत्येक बोटावर चक्र आहे की नाही, एवढेच पाहायचे. मग एका जोडीचे चार प्रकार होतात आणि पाच जोड्यांचे १०२४! त्यांनी तेवढेच कप्पे केले: ३२ ओळी आणि प्रत्येक ओळीत ३२ कप्पे. आता कागद चटकन सापडू लागला.

१८९७ साली कलकत्त्यात ठशांचे कार्यालय सुरू झाले. जगातले हे असे पहिलेच कार्यालय मानले जाते. तेथे हेमचंद्र बोस हे त्यांचे सहकारी होते. लवकरच जलपायगुडीत एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला. तेथील पंचांगावर अंगठ्याचा ठसा मिळाला. तो एका जुन्या नोकराच्या ठशाशी जुळला. न्यायालयाने त्याला चोरीबद्दल शिक्षा केली. खून मात्र सिद्ध झाला नाही. ठसा खरे बोलतो, पण माणूस तेथे होता एवढेच सांगतो, हे यावरून कळते.

१९०१ साली ही पद्धत लंडनच्या पोलिसांनी स्वीकारली. तिला नाव मिळाले ते मात्र हेन्री यांचे. अझीझुल आपले काम निष्ठेने करीत राहिले. १९२४ साली त्यांना खानबहादूर ही पदवी मिळाली. पुढे हेन्री यांनीही त्यांचे श्रेय मान्य केले. १९३५ साली बिहारमधील मोतिहारी येथे त्यांचे निधन झाले.

मुलांनो, हे गणित आज त्यांच्या नावाने ओळखले जात नाही. म्हणून आपण तरी त्यांचे नाव विसरता कामा नये.