डॉ. वसंत रामजी खानोलकर : एका तुकड्यातून रोगाच्या मुळाशी

बायॉप्सी हा शब्द ऐकला की पिस्कॅटवे असो की पुणे, घरात एकदम शांतता पसरते. वास्तविक बायॉप्सी म्हणजे शरीरातल्या संशयित जागेचा छोटासा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासणं. पण त्या तुकड्यावरून एका माणसाला काय झालंय एवढंच नाही, तर हजारो माणसांना तोच रोग का होतो, हेही शोधता येतं. आपल्याकडे हे ज्यांनी करून दाखवलं ते डॉ. वसंत रामजी खानोलकर. भारतातल्या पॅथॉलॉजीचे जनक असा त्यांचा उल्लेख होतो. डॉक्टर मंडळी सोडली तर आपल्याला मात्र त्यांची फारशी माहिती नसते.

खानोलकरांचा जन्म १३ एप्रिल १८९५ चा. वैद्यकीय शिक्षणासाठी ते लंडनला गेले आणि १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची पॅथॉलॉजीतली एम.डी. ही पदवी त्यांनी मिळवली. पॅथॉलॉजिस्टचं काम तसं पडद्यामागचं. ऑपरेशन करणाऱ्या सर्जनचं नाव पेशंट जन्मभर लक्षात ठेवतो, पण स्लाइड कोणी तपासली हे त्याला ठाऊकही नसतं. खानोलकरांनी हीच वाट धरली. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि परळच्या शेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात त्यांनी शिकवलं. पुढे १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं, तेव्हा तिथल्या प्रयोगशाळा आणि संशोधन विभागाचे ते संचालक झाले.

तिथे काम कसं चालायचं? पेशंटचा तुकडा आधी फॉर्मॅलिनमध्ये ठेवायचा, म्हणजे तो सडत नाही. मग अल्कोहोलने त्यातलं पाणी काढून तो मेणात बसवायचा आणि त्याचे केसाहूनही बारीक काप काढायचे. रंग दिला की पेशींची केंद्रकं निळसर-जांभळी दिसतात आणि बाकीचा भाग गुलाबी. पेशींची रचना विस्कटली आहे का, त्या आपली हद्द सोडून आत घुसल्या आहेत का, हे मग अनुभवी डोळा ओळखतो. उपचारांची पुढची दिशा यावरच ठरते. सुई लावली की कॅन्सर पसरतो, अशी भीती आपल्याकडे अजून आहे. तज्ज्ञांनी नीट केलेल्या बायॉप्सीत ही शक्यता अगदी नगण्य असते. घाबरून बायॉप्सी लांबवण्यातच खरा धोका असतो.

आता खानोलकरांचं वेगळेपण. आम्हा कॉम्प्युटरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर बग सापडला म्हणून काम संपत नाही, त्याचं मूळ शोधावं लागतं. कॅन्सर आहे, एवढा रिपोर्ट देऊन खानोलकर थांबले नाहीत. तो याच जागी का झाला, हे त्यांनी विचारलं. १९४४ मध्ये त्यांनी मुंबईतल्या तोंडाच्या कॅन्सरच्या सलग १,००० केसेसचा आढावा प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी सूर्याबाई यांच्याबरोबर लिहिलेल्या निबंधात लोकांच्या रोजच्या सवयींशी जोडलेले कॅन्सरचे तीन प्रकार मांडले. खैनी जिथे दाबून ठेवतात, त्या खालच्या ओठाच्या आतल्या खोबणीतला कॅन्सर हा एक. आंध्रच्या किनाऱ्यावर चुट्ट्याचं पेटतं टोक तोंडात धरून ओढण्याची पद्धत आहे, त्यातून टाळूला होणारा दुसरा. आणि कमरेला वर्षानुवर्षं धोतर घट्ट आवळल्याने त्वचेला होणारा तिसरा! म्हणजे रोग हा दैवाचा किंवा गेल्या जन्मीच्या पापाचा भाग नव्हता. सवय बदलली तर तो टाळता येणार होता.

१९५५ मध्ये संघवी आणि राव यांच्यासह त्यांनी तंबाखू ओढणं व चघळणं आणि तोंड-घशाकडचे कॅन्सर यांचा संबंध दाखवणारा अभ्यास ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केला. कुष्ठरोगाच्या सुरुवातीच्या चट्ट्यांतले नमुने तपासून त्या रोगावरही त्यांनी मोलाचं काम केलं.

१९५२ मध्ये परळलाच इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभं राहिलं, त्याचे ते संचालक होते. पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे त्यांच्याच विद्यार्थिनी. त्या आपल्या इथून काही तासांवरच्या बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये डॉ. जॉर्ज गाय यांच्याकडे शिकल्या. १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या महिलेच्या बायॉप्सीच्या तुकड्यातून, तिला न विचारता, जगप्रसिद्ध हेला पेशी वाढवल्या गेल्या, त्या याच गाय यांच्या प्रयोगशाळेत. परतल्यावर रणदिव्यांनी मुंबईत पेशी वाढवण्याची प्रयोगशाळा उभारली.

खानोलकरांना पद्मभूषण मिळालं, १९६० ते १९६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचं निधन झालं. खारघरच्या टाटा संशोधन केंद्रात खानोलकर शोधिका नावाची इमारत आज उभी आहे.

पण त्यांचं खरं स्मारक आपल्याला घरातच करता येईल. मिश्री, तंबाखू, गुटखा या सवयी माणसाबरोबर सामानातून इकडेही येतात. घरी भारतातून आई-वडील आले असतील तर मोकळेपणाने विचारा. तोंडातला पांढरा किंवा लाल चट्टा, जखम दोन आठवड्यांत बरी होत नसेल तर डेंटिस्टना दाखवा. त्यांनी तुकडा काढायला सांगितला, तर काढू द्या. वेळेवर काढलेला तो तुकडा माणूस वाचवू शकतो.