रोहिणीचे पाणी आणि धर्मानंद कोसंबी

वर्षावास सुरू झाला की पेणजवळच्या आमच्या रामवाडीत सायंकाळी बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. यंदा रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात पेटलेल्या भांडणाचा भाग आला. तो कोणाला समजावून सांगावा लागला नाही. हेटवण्याचे धरण आपल्या तालुक्यात, त्याचे पाणी नवी मुंबईला आणि खारेपाटातल्या आयाबहिणी हंडे घेऊन टँकरची वाट बघताहेत, हे ज्यांनी कितीतरी उन्हाळे पाहिले, त्यांना पाण्यासाठी शस्त्रे का उपसली जातात हे काय शिकवायचे? आणि याच जिल्ह्यात २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे ओंजळभर पाणी पिण्यासाठी आपल्या बापजाद्यांनी डोकी फोडून घेतली आहेत.

बोलता बोलता मी सांगितले की, सिद्धार्थाच्या गृहत्यागाचा संबंध या भांडणाशी धर्मानंद कोसंबी यांनी बाबासाहेबांच्या आधी जोडला होता. एका तरुण कार्यकर्त्याने तिथेच हरकत घेतली. गोव्याचा सारस्वत ब्राह्मण, गांधींच्या आश्रमात प्राण सोडलेला माणूस, त्याचे नाव आपल्या वाचनात कशाला? हरकत रास्त होती. वकिलाने हरकतीला पुराव्याने उत्तर द्यावे, म्हणून हा लेख.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ चा, गोव्यातल्या साखवाळ गावचा. शिक्षण नावापुरते, लग्न चौदा-पंधराव्या वर्षी, कामधंदा नारळाच्या बागेचा. मुलांच्या एका मराठी मासिकात बुद्धाची माहिती वाचनात आली आणि या माणसाला बुद्धाने पछाडले. १८९९ च्या अखेरीस पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी यांना मागे ठेवून तो घराबाहेर पडला. आपण या गोष्टीचे कौतुक करतो, पण बाळाबाईंनी ती वर्षे कशी काढली असतील याचाही विचार करावा.

पुणे, ग्वाल्हेर करीत ते काशीला पोचले. तिथे अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. १९०२ साली बुद्धाच्या शोधात पायपीट करीत नेपाळात गेले आणि तिथल्या धर्माची अवस्था पाहून निराश झाले. मग बोधगया, कलकत्ता आणि शेवटी सिंहलद्वीप. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांच्या हाताखाली ते पाली शिकले, श्रामणेर झाले. पुढे ब्रह्मदेशात ध्यानाचा अभ्यास केला. ज्या भूमीत तथागत जन्मले तिथल्या माणसाला त्यांची वाणी शिकायला समुद्र ओलांडावा लागला! इथून बौद्ध धम्म कोणी आणि कसा हुसकावला, हे या वृत्तपत्राच्या वाचकांना सांगायला नको.

१९०६ मध्ये चीवर उतरवून ते कलकत्त्यात पालीचे अध्यापन करू लागले. पण त्यांची तळमळ मराठी माणसासाठी होती. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी महाराष्ट्रात राहून ग्रंथ लिहिण्याच्या अटीवर महिना ५० रुपये देऊ केले, तेव्हा त्यांनी कलकत्ता विद्यापीठातली चांगल्या पगाराची नोकरी सोडली. (सयाजीरावांनी बाबासाहेबांनाही शिष्यवृत्ती दिली, हे आपण जाणतोच.) डॉ. रा. गो. भांडारकरांच्या मदतीने मुंबई विद्यापीठात पालीला जागा मिळाली. १९१२ ते १९१८ या काळात फर्ग्युसन कॉलेजात धर्मानंदांनी पालीच्या शिक्षकांची एक पिढीच तयार केली. 'बुद्ध, धर्म आणि संघ', 'बुद्धलीलासारसंग्रह', 'समाधिमार्ग' ही पुस्तके साध्या मराठीत आली.

१९१० पासून ते चार वेळा अमेरिकेत हार्वर्डला गेले. हेन्री वॉरन या विद्वानाचे अपुरे राहिलेले 'विसुद्धिमग्ग'चे संपादन पुरे करण्याचे ते काम. पहिल्या खेपेला पुस्तकावर नाव कोणाचे यावरून वाद झाला आणि कोसंबी परत आले. राबणारा एक आणि नाव दुसऱ्याचे, हा अनुभव आपल्या लोकांना नवा नाही, तो एका ब्राह्मण पंडितालाही गोऱ्यांच्या देशात आला.

आता मूळ मुद्दा. 'भगवान बुद्ध' हा त्यांचा ग्रंथ १९४०-४१ मध्ये आला. त्यात त्यांनी साक्षीदाराची उलटतपासणी घ्यावी तशी जुन्या कथेची तपासणी केली आहे. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून राजपुत्र मध्यरात्री पळाला, ही कथा प्राचीन सुत्तांत गौतमाची नाही, ती विपस्सी बुद्धाची आहे. उलट अरियपरियेसन सुत्तात आईबाप रडत असताना, त्यांच्या देखत घर सोडल्याचे सांगितले आहे. आणि सुत्तनिपातातल्या अत्तदण्ड सुत्तात वैराग्याचे कारण म्हणून माणसांची आपसातली भांडणे येतात. यावरून कोसंबींनी शाक्य-कोलीयांच्या तंट्याकडे बोट दाखवले. 'बोधिसत्त्व' या नाटकातही त्यांनी तोच विषय घेतला.

बाबासाहेब याच्या पुष्कळ पुढे गेले, हे ध्यानात घेतले पाहिजे. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात सिद्धार्थ हा शाक्य संघाचा सभासद आहे. तो युद्धाच्या ठरावाला उघड विरोध करतो. दोन्ही बाजूंचे दोन-दोन आणि त्या चौघांनी निवडलेला पाचवा, असा लवाद सुचवतो. ठराव बहुमताने फेटाळला जातो आणि तो देशत्याग पत्करतो. हे घटनाकाराचे डोके आहे, ते कोसंबींत शोधू नये.

१९३५ च्या 'हिंदी संस्कृती आणि अहिंसा' या पुस्तकात कोसंबींनी ब्राह्मणी परंपरेवर कठोर टीका केली. १९३७ मध्ये मुंबईत परळला, गिरणगावात, त्यांनी कामगार आणि अस्पृश्य वस्तीसाठी विहार उभा केला आणि त्याचे नाव ठेवले बहुजन विहार. पैसा बिर्लांचा होता. दोनेक वर्षांत त्यांनी तो सोडला.

माझे मतभेद आहेतच. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात जाणारे कोसंबी गांधींच्या चौकटीबाहेर कधी पडले नाहीत. येवल्याच्या घोषणेनंतरही ते बाबासाहेबांच्या चळवळीत आले नाहीत. शेवटी आजारी शरीर कोणाच्या उपयोगाचे नाही म्हणून त्यांनी अन्न सोडले आणि जून १९४७ मध्ये सेवाग्राम येथे देह ठेवला. तथागतांनी देहदंडाचा मार्ग स्वतः अनुभवून टाकून दिला होता. आयुष्यभर त्यांची वाणी शिकवणाऱ्याने असे जावे, हे मला पटत नाही.

हार्वर्डचे 'विसुद्धिमग्ग' १९५० साली छापून बाहेर पडले आणि वॉरनबरोबर कोसंबींचेही नाव त्यावर आले. ते पाहायला ते नव्हते.

त्या तरुणाला मी हे सगळे सांगितले. तो फारसे बोलला नाही. जाताना माझी 'भगवान बुद्ध'ची प्रत मागून घेऊन गेला, ती अजून परत आलेली नाही.