पंधरा रुपयांतील आठ

रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या खेड्यात, आपल्या आजोळी, गोपाळ कृष्ण गोखले यांचा ९ मे १८६६ रोजी जन्म झाला. वडील कृष्णराव हे कोल्हापूरजवळच्या कागल जहागिरीत प्रथम कारकून आणि मागाहून फौजदार होते. घरात श्रीमंती नव्हती. परंतु मुलांना इंग्रजी विद्या मिळावी, एवढी दृष्टी कृष्णरावांपाशी खचित होती. म्हणून गोविंद आणि गोपाळ या दोघा मुलांना त्यांनी शिक्षणासाठी कोल्हापुरास ठेवले.

१८७९ साली कृष्णराव वारले. प्रामाणिकपणे केलेल्या नोकरीत मागे शिल्लक अशी काही पडलेली नव्हती. चुलते अंताजी यांनी कुटुंबाला ताम्हणमळा येथे आपल्या घरी आश्रय दिला. पण त्यांची ऐपतही बेताचीच. दोघा भावांचे शिक्षण या घराला पेलणारे नव्हते. त्या वेळी गोविंदराव अवघे अठरा वर्षांचे आणि गोपाळ तेरा वर्षांचा होता. वडीलकीचा मान जसा थोरल्याचा, तसा त्यागही थोरल्यानेच करावयाचा, अशी त्या काळची घरोघरची रीत. गोविंदरावांनी शाळा सोडली आणि कागल येथे नोकरी धरली. पगार दरमहा १५ रुपये. त्यांपैकी ८ रुपये ते गोपाळला कोल्हापुरास पाठवू लागले.

हा हिशेब जरा थांबून पाहण्यासारखा आहे. मिळकतीचा निम्म्याहून अधिक भाग एका शाळकरी मुलासाठी बाजूला काढला जात होता. उरलेल्या ७ रुपयांत गोविंदरावांना आपले पोट भरावयाचे होते आणि पत्नी, आई व बहिणी यांच्याकडेही पाहावयाचे होते. शिवाय ज्या शिक्षणासाठी हा पैसा जात होता, ते त्यांना स्वतःलाही हवे होते. हे सारे गोपाळला समजत होते, आणि म्हणूनच त्या आठ रुपयांतील एक पैसाही वायफळ खर्च होऊ नये, याची त्यास अहोरात्र काळजी असे. तो हाताने स्वयंपाक करी. दिव्याचे तेल वाचावे म्हणून रात्री रस्त्यावरील कंदिलाच्या उजेडात वाचीत बसे. त्याच्या या काटकसरीची एक हकीकत सांगतात. एका ओळखीच्या मुलाने त्याला आग्रहाने नाटकास नेले आणि मागाहून तिकिटाचे दोन आणे मागितले. गोपाळची समजूत अशी की, आपल्याला पाहुणा म्हणून नेले आहे. तरीही वाद न घालता त्याने दोन आणे देऊन टाकले, आणि ती खोट भरून येईपर्यंत दिव्यात तेल घातले नाही. भावाच्या पैशाचा हिशेब चुकता कामा नये, हीच त्याची टोचणी होती.

१८८१ साली गोपाळ मॅट्रिक झाला. तेवढ्या शिक्षणावर त्या काळी बरी नोकरी मिळे. आता भावाचा भार हलका करावा, कोठेतरी नोकरी पाहावी, असे त्याने मनाशी ठरविले. पण ही गोष्ट गोविंदरावांना मुळीच मान्य झाली नाही. कॉलेजचा खर्च आठ रुपयांत भागणारा नव्हता. तेव्हा गोविंदरावांच्या पत्नीने दिराच्या शिक्षणासाठी आपले दागिने पुढे केले. सोने हाच त्या काळी स्त्रीच्या अडीअडचणीचा एकमेव आधार. तो तिने आपल्या मुलाबाळांसाठी नव्हे, तर दिरासाठी मोडावयास काढला. गोखल्यांच्या चरित्रांतून या माऊलीविषयी चारदोन ओळींपलीकडे काही आढळत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

१८८२ साली गोपाळ कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात दाखल झाला. काही काळ तो पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होता आणि शेवटच्या वर्षासाठी मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात गेला. तेथे त्यास दरमहा २० रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. गोविंदरावांच्या साऱ्या पगाराहूनही ही रक्कम मोठी होती! १८८४ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, तो बी. ए. झाला.

आता घरच्यांच्या आशा पल्लवित झाल्या असल्यास नवल नाही. पदवीधराला सरकारी नोकरीत मोठा पगार मिळे. वकिलीत तर त्याहूनही अधिक. गोखले १८८५ साली पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये ३५ रुपयांवर शिक्षक झाले आणि घरास हातभार लावू लागले, तरी ही तात्पुरती सोय आहे, असेच सर्वांना वाटत होते. पण डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या ध्येयाने त्यांचे मन ओढून घेतले. आजीव सदस्य व्हावयाचे तर वीस वर्षे सुमारे ७५ रुपयांवर काम करण्याचे बंधन होते. ज्या भावाने पंधरांतले आठ दिले, त्याला संपन्नतेचे दिवस दाखविण्याची वेळ आली असताना आपण गरिबी पत्करावी काय, हा पेच सोपा नव्हता. गोखल्यांनी निर्णय एकट्याने घेतला नाही. अखेर गोविंदरावांनी संमती दिली. शाळा सोडण्याइतकाच हाही त्याग मोठा होता. किंबहुना अधिक, कारण या वेळी हातातोंडाशी आलेला घास होता. १८८६ साली गोखले आजीव सदस्य झाले.

पुढे फर्ग्युसन कॉलेजच्या इमारतीसाठी त्यांनी सुटीच्या दिवसांत गावोगाव हिंडून वर्गणी गोळा केली. शाळेसाठी अंकगणिताचे पुस्तकही लिहिले. पैपैचा हिशेब ज्याने लहानपणीच घोटला होता, त्याच्या हातून हे पुस्तक व्हावे, हे योग्यच झाले. १९०२ साली ते कॉलेजातून निवृत्त झाले आणि मध्यवर्ती कायदेमंडळात देशाची बाजू मांडू लागले.

१९११ साली त्यांनी तेथे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची तरतूद असलेले विधेयक मांडले. ज्या पालकाचे उत्पन्न दरमहा १० रुपयांहून कमी आहे, त्याच्या मुलाकडून फी घेऊ नये, असे त्यात एक कलम होते. महिना दहा रुपयांत घर कसे चालते, हे सभागृहातील फारच थोड्यांना ठाऊक असेल. मार्च १९१२ मध्ये मतदान झाले. विधेयकाच्या बाजूने १३ आणि विरुद्ध ३८ मते पडली.